रंग अनेक, वेग एक : प्रस्तावना

आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरच्या केंद्रांची उद्घोषणा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तीत येणारे दोन आकडे आठवत असतील. एक मीटरमध्ये, दुसरा किलोहर्ट्झमध्ये. पुणे केंद्राची वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ. तिच्या लहरीची लांबी सुमारे ३७८.५ मीटर. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५३७ मीटर. एक आकडा वाढला की दुसरा घटतो, आणि दोहोंचा गुणाकार मात्र जागचा हलत नाही : सेकंदाला जवळजवळ ३० कोटी मीटर. हा प्रकाशाचा वेग आहे. रेडिओलहर ही प्रकाशाचीच डोळ्यांना न दिसणारी सख्खी बहीण. त्यामुळे जुन्या रेडिओच्या काट्यामागे मीटर आणि किलोसायकल अशा ज्या दोन पट्ट्या छापलेल्या असत, त्यांच्या रूपाने निसर्गातला एक मूलभूत स्थिरांक घरोघरी येऊन बसला होता.

प्रकाशाचा वेग आणि त्याची तरंगलांबी यांचे नाते काय, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी हे सूत्र आपण शाळेत ध्वनीच्या प्रकरणात शिकतो, दोन उदाहरणे सोडवतो आणि पुढे जातो. सूत्र इतके सोपे आहे की त्याच्यापाशी थांबावे असे कुणाला वाटत नाही. पण चांगला विद्यार्थी थांबतो आणि विचारतो : तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटर, जांभळ्याची ४०० नॅनोमीटर, सूत्रात तरंगलांबी मोठी तर वेगही मोठा, मग तांबडा प्रकाश जांभळ्याच्या पुढे का धावत नाही? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. हाच प्रश्न न्यूटनने एका ज्योतिर्विदाला पत्र लिहून विचारला होता, आणि त्याचे उत्तर अधिकाधिक काटेकोरपणे मिळवण्याचे काम अजून चालू आहे.

उत्तराची सुरुवात अशी करता येईल. सूत्रातली तीन पदे कागदावर शेजारी शेजारी बसलेली असली तरी त्यांचा मान सारखा नाही. वारंवारता ठरवतो उगम : प्रक्षेपकातला विद्युत्प्रवाह सेकंदाला जितक्या वेळा मागेपुढे होतो, किंवा सोडियमच्या अणूत इलेक्ट्रॉन ज्या दोन पातळ्यांमध्ये उतरतो त्यांच्यात ऊर्जेचे जितके अंतर असते, त्यावर वारंवारता ठरते आणि वाटेत काहीही आले तरी ती बदलत नाही. वेग ठरवते माध्यम. या दोघांनी आपापले ठरवून झाल्यावर भागाकार करून जी उरते ती तरंगलांबी. तरंगलांबी वेगाचे कारण नाही, ती वेगाचा परिणाम आहे. हे एकदा मनात पक्के बसले की या विषयातल्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात, असे माझे ठाम मत आहे. पाठ्यपुस्तकांनी हे सूत्राच्या आधी सांगावे, नंतर नव्हे.

आषाढी वारीतली एखादी दिंडी डोळ्यांपुढे आणावी. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर सगळ्यांची पावले एकदम पडत आहेत. डांबरी रस्ता सोडून दिंडी चिखलाच्या शेतात उतरली तर ठेका तोच राहतो, पावले आखूड पडू लागतात आणि चाल मंदावते. हवेतून पाण्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे असेच होते. पाण्याच्या पृष्ठभागावर सेकंदाला जितक्या लहरी येऊन पोचतात तितक्याच आत गेल्या पाहिजेत, नाहीतर त्या सीमेवर साचत राहतील. वारंवारता बदलायला तिथे वावच नाही. वेग मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, आणि त्याच प्रमाणात तरंगलांबी आखडते.

सोडियमच्या पिवळ्या दिव्याची हवेतली तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. पाण्यात ती सुमारे ४४२ नॅनोमीटर होते, आणि हवेत ४४२ नॅनोमीटर म्हणजे निळा-जांभळा. मग तलावात बुडी मारून वर पाहणाऱ्याला काठावरचा पिवळा दिवा निळा दिसतो का? नाही दिसत. डोळ्याच्या पडद्यावरचे रंगद्रव्य तरंगलांबी मोजत नाही. एकेका फोटॉनने किती ऊर्जा दिली यावर ते प्रतिसाद देते, आणि ती ऊर्जा वारंवारतेशी बांधलेली असते. शिवाय प्रकाश पाण्यातून येवो वा हवेतून, शेवटचा प्रवास तो डोळ्यातल्याच द्रवातून करतो. रंगाची ओळख म्हणून आपण तरंगलांबी सांगतो ती सोयीसाठी, आणि ती नेहमी हवेतली किंवा पोकळीतली असते.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पुढची मला जास्त प्रिय आहे, कारण माध्यम सगळ्या रंगांना सारखाच वेग देत नाही. पाण्याचा अपवर्तनांक तांबड्यासाठी सुमारे १.३३१ आणि जांभळ्यासाठी सुमारे १.३४३ असतो. फरक एक टक्क्याहून कमी. वेगाच्या भाषेत सांगायचे तर पावसाच्या थेंबातून तांबडा सेकंदाला सुमारे २,२५,२०० किलोमीटरने जातो आणि जांभळा सुमारे २,२३,२०० किलोमीटरने. आकाशातल्या इंद्रधनुष्याची बाहेरची कड तांबडी ४२ अंशांवर आणि आतली जांभळी ४० अंशांवर दिसते ती या दोन हजार किलोमीटरच्या फरकामुळे. पावसाचा प्रत्येक थेंब हा वेगमापनाचा प्रयोगच करत असतो.

जांभळा मागे का पडतो? काचेतले किंवा पाण्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या रेणूंना बांधलेले असतात आणि त्यांची स्वतःची डोलण्याची वारंवारता बहुतेक अतिनील भागात असते. प्रकाशलहर आली की ती त्यांना हलवते. हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच्या लहरी सोडतात. मूळ लहर आणि या लहरी यांची बेरीज होते. गंमत अशी, की यांतली प्रत्येक लहर सुटी घेतली तर पोकळीतल्याच वेगाने जाते. बेरजेची कला मात्र पावलोपावली मागे सरकत राहते, आणि त्या मागे सरकण्यालाच आपण काचेत प्रकाश मंदावला असे म्हणतो. येणाऱ्या लहरीची वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या स्वतःच्या वारंवारतेच्या जितकी जवळ, तितका त्यांचा प्रतिसाद मोठा. जांभळा तांबड्यापेक्षा अतिनीलाच्या जवळ आहे, म्हणून तो जास्त अडतो. अपस्करण ते हेच. लोलकातून पडलेला वर्णपट प्रकाशाविषयी जितके सांगतो तितकेच तो काचेतल्या इलेक्ट्रॉनांविषयीही सांगतो.

प्रकाश म्हणजे कणांचा झोत अशी न्यूटनची धारणा होती, आणि तिच्यानुसार पाण्यात प्रकाशाचा वेग वाढायला हवा होता. तरंगवाद्यांच्या मते तो कमी व्हायला हवा होता. वाद दीड शतक चालला. १८५० साली पॅरिसमध्ये लेआँ फुको यांनी फिरत्या आरशाने हवेतला आणि पाण्यातला वेग ताडून पाहिला. पाण्यातला कमी निघाला. पुढे अल्बर्ट मायकेलसन यांनी कार्बन डायसल्फाइड या द्रवात वेग मोजला तेव्हा एक नवे कोडे उभे राहिले. त्या द्रवाचा अपवर्तनांक सुमारे १.६४, म्हणून प्रकाश तितक्या पटीने मंदावायला हवा; प्रत्यक्षात तो सुमारे १.७६ पटीने मंदावला. खुलासा लॉर्ड रॅले यांच्या समूहवेगाच्या विचारात होता. आरशावरून परावर्तित होऊन जाणारा प्रकाशाचा तुकडा एकाच तरंगलांबीचा नसतो. त्यात शेजारशेजारच्या अनेक तरंगलांब्या मिसळलेल्या असतात. त्या प्रत्येकीचा वेग वेगळा असला की त्यांच्या घोळक्याचा वेग त्यांतल्या कोणाच्याच वेगाइतका राहत नाही. घड्याळ लावून आपण मोजतो तो घोळक्याचा वेग. वेग तरंगलांबीवर अवलंबून असला तर ‘वेग’ म्हणजे नेमका कोणता हेही सांगावे लागते, हा धडा त्या प्रयोगाने दिला.

आज आपला फोनवरचा संवाद ज्या काचतंतूंतून वाहतो त्यांतही हाच प्रश्न रोज उभा असतो. काच १५५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत पारदर्शक असते, पण साध्या तंतूतले अपस्करण जवळपास शून्य होते ते १३१० नॅनोमीटरपाशी. १५५० ला एक नॅनोमीटर रुंदीची प्रकाशचमक दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंदांनी पसरते. शंभर किलोमीटरनंतर ती इतकी फाकते की सेकंदाला एक हजार कोटी चमका पाठवणाऱ्या वाहिनीत एका चमकेवर पुढच्या सतरा येऊन बसतील. उलट्या अपस्करणाचा तंतू जोडून किंवा दुसऱ्या टोकाला गणिताने दुरुस्ती करून अभियंते हे सावरतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माध्यमात रंगांचे वेग वेगळे, हे झाले. पण पोकळीत? तिथे अडवायला इलेक्ट्रॉन नाहीत. तरीही रंगांमध्ये काही फरक उरत असेल का? ‘नसणारच’ असे उत्तर आज आपण सवयीने देतो. ते मिळवायला तीन शतके लागली.

१६७६ साली पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर यांनी गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा होतात हे पाहून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवले होते. न्यूटनने त्यावरून पुढचा विचार केला. गुरूचा चंद्र सावलीत शिरतो तेव्हा त्याचा प्रकाश तुटतो. सगळे रंग एका वेगाने येत असतील तर ते एकदमच संपतील. एखादा रंग सावकाश येत असेल तर शेवटचे काही क्षण चंद्र त्या मागे राहिलेल्या रंगात दिसेल. १६९१ साली त्याने ग्रीनिचच्या जॉन फ्लॅमस्टीड यांना विचारले, असे कधी दिसले आहे का? फ्लॅमस्टीड यांचे उत्तर नकारार्थी आले. पुढे फ्रान्स्वा आरागो यांनी हाच युक्तिवाद ज्यांचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होते अशा ताऱ्यांना लावला. अंतर गुरूच्या लाखो पट, म्हणून कसोटीही तितकी कडक. तिथेही वेगातल्या फरकाने पडावा तसा रंगबदल आढळला नाही. मला विज्ञानाच्या इतिहासातले हे प्रयोग फार मोलाचे वाटतात. यंत्र नवे नाही, खर्च नाही. फक्त निसर्गाने आधीच करून ठेवलेल्या प्रयोगाला योग्य प्रश्न विचारायचा.

याच परंपरेतला एक प्रयोग आपल्या जवळ होतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. तिच्यातून स्पंदक तारे पाहिले जातात. खेकडा तेजोमेघातला स्पंदक सेकंदाला सुमारे तीस ठोके देतो. त्याचा एक ठोका सगळ्या रेडिओ तरंगलांब्यांवर एकाच वेळी निघतो, पण सुमारे साडेसहा हजार वर्षांचा प्रवास करून आपल्यापर्यंत येताना ७५ सेंटिमीटरची लहर २१ सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा सुमारे १.३५ सेकंद उशिरा पोचते. तेवढ्या वेळात त्या स्पंदकाने आणखी चाळीस ठोके दिलेले असतात. प्रथमदर्शनी वाटावे की सापडला, अवकाशात रंगांच्या वेगातला फरक सापडला.

फरक खरा आहे; पण तो पोकळीचा नाही. ताऱ्यांमधले अवकाश पूर्ण रिकामे नसते. तिथे सुटे इलेक्ट्रॉन असतात, इतके विरळ की आपल्या परिसरात घनसेंटिमीटरमागे सरासरी एकही भरत नाही. साडेसहा हजार प्रकाशवर्षांत मात्र तेवढेही पुरते. तरंगलांबी दुप्पट केली की या इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर चौपट होतो. खगोलशास्त्रज्ञ हा हिशेब उलटा वापरतात : उशीर मोजतात आणि त्यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन लागले, म्हणजे पर्यायाने तारा किती दूर आहे, हे काढतात. जी गोष्ट शुद्ध पोकळीचा शोध घेणाऱ्याला अडचण वाटते तीच आकाशगंगेचा नकाशा करणाऱ्याला फूटपट्टी होते.

या विषयात एक बारीक पेच आहे, आणि त्याला मी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे. फोटॉनला अगदी नगण्य वस्तुमान असते तर पोकळीतही लांब लहरी आखूड लहरींच्या मागे पडल्या असत्या, आणि तो उशीरही तरंगलांबीच्या वर्गानेच वाढला असता. म्हणजे इलेक्ट्रॉनांची गर्दी आणि फोटॉनचे वस्तुमान ही दोन कारणे निरीक्षणात एकसारखीच दिसतात. ती वेगळी काढण्यासाठी वेगवेगळ्या अंतरांवरून येणारे अनेक संकेत एकत्र तोलावे लागतात. आजवर वस्तुमानाचा मागमूस मिळालेला नाही.

दुसरे टोक अतिशय आखूड तरंगलांब्यांचे. अवकाश अत्यंत सूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल, तर त्याचा जाच आखूड लहरींना आधी व्हावा, असे काही सिद्धांत सुचवतात. १० मे २००९ रोजी फर्मी या अवकाश दुर्बिणीने एक गॅमाकिरण-स्फोट टिपला. त्याचा प्रकाश ७३० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. त्यात दृश्य प्रकाशाच्या सुमारे हजार कोटी पट ऊर्जेचा, म्हणजे तितक्याच पटीने आखूड तरंगलांबीचा एक फोटॉन होता. स्फोटाचे पहिले कमी ऊर्जेचे किरण पोचले आणि त्यानंतर सेकंदाच्या आत हा फोटॉनही हजर झाला. ७३० कोटी वर्षांच्या शर्यतीत एका सेकंदाचे अंतर, आणि तेही कदाचित दोघे निघालेच पुढेमागे म्हणून. याहून सुबक पुरावा मला माहीत नाही.

सगळ्या तरंगलांब्यांना एकच वेग का, याचे सैद्धांतिक कारण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली दिले. विद्युत आणि चुंबकत्व यांच्या समीकरणांतून त्यांना लहरी निघताना दिसल्या, आणि त्या लहरींचा वेग फक्त दोन स्थिरांकांवर अवलंबून होता. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये विद्युतभाराचे मापन करून काढलेल्या आकड्यावरून तो वेग सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर येत होता. फिझो यांनी १८४९ मध्ये पॅरिसजवळ सुरेन आणि माँमार्त्र यांच्या दरम्यान ८,६३३ मीटरवर प्रकाश पाठवून, ७२० दात्यांचे चाक फिरवून मोजलेला वेग साधारण तेवढाच होता. एका मापनात प्रकाशाचा संबंध नाही, दुसऱ्यात विजेचा नाही, आणि आकडे मिळतात. मॅक्सवेल यांच्या सूत्रात तरंगलांबीला जागाच नव्हती. रंग कोणताही घाला, पोकळीतला वेग तोच.

१८८७-८८ मध्ये कार्लस्रुह येथे हाइनरिख हर्ट्झ यांनी ठिणगीतून अशा लहरी निर्माण केल्या. धातूच्या पत्र्यावरून त्या परत फिरवून स्थिर लहरी उभ्या केल्या, त्यांच्या शांत बिंदूंमधले अंतर मोजून तरंगलांबी काढली आणि मंडलाच्या मापांवरून वारंवारता. दोहोंचा गुणाकार करून वेग. प्रकाशाला पळवायचे नाही, घड्याळ लावून त्याची वाट पाहायची नाही. त्याला जागच्या जागी उभे करायचे आणि मोजायचे. ही पद्धत पुढे किती दूर जाईल याची त्या वेळी कल्पना येणे अवघड होते.

कारण प्रतिष्ठा दुसऱ्या पद्धतीची होती. मायकेलसन यांनी माउंट विल्सन ते माउंट सॅन अँटोनियो या सुमारे ३५ किलोमीटरच्या अंतरावर फिरत्या आरशाने १९२६ मध्ये २,९९,७९६ किलोमीटर हा आकडा काढला. त्यांच्या निधनानंतर एक मैल लांबीच्या निर्वात नळीतल्या प्रयोगातून २,९९,७७४ आला, आणि १९४१ च्या सुमारास २,९९,७७६ हे मूल्य सर्वमान्य झाले. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेले लुई एसेन यांनी युद्धानंतर टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत वेगळाच मार्ग धरला. धातूची एक पोकळ दंडगोल पेटी घ्यायची, तिच्यात सूक्ष्मतरंग सोडायचे, आणि कोणत्या वारंवारतेला पेटी घुमते ते पाहायचे. पेटीची मापे काटेकोर मोजली की तरंगलांबी मिळते. गुणाकार आला २,९९,७९२. सर्वमान्य मूल्यापेक्षा सोळा किलोमीटर जास्त. अनुभवी माणसांना हा आकडा पचायला जड गेला. इतक्या नामवंतांनी इतक्या वर्षांत मोजलेले कसे चुकेल? एसेन यांनी पेटी सुधारून पुन्हा मोजले. १९५० मध्ये २,९९,७९२.५. हाताएवढ्या धातूच्या पेटीने डोंगरांमधल्या आरशांना मागे टाकले होते. हेच एसेन पुढे १९५५ मध्ये जॅक पॅरी यांच्यासह सीझियमचे पहिले भरवशाचे अणुघड्याळ करणारे. तरंगलांबी आणि वारंवारता या दोन्ही बाजूंना त्यांचा हात लागला. तरीही त्यांचे नाव आपल्या पुस्तकांत क्वचितच भेटते, याची मला खंत वाटते.

आता उरला होता तो खऱ्या प्रकाशाचा गुणाकार. तरंगलांबीची बाजू तयार होती : १८९२-९३ मध्ये मायकेलसन यांनीच सेव्र येथे कॅडमियमच्या तांबड्या रेषेच्या तरंगलांब्यांत प्रमाण मीटर मोजून दाखवला होता, आणि १९६० मध्ये मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी-तांबड्या रेषेच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या अशी झाली. अडत होते ते वारंवारतेपाशी. प्रकाशाची लहर सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा डोलते. असे डोलणे मोजणारे साधन नव्हते. १९७२ मध्ये अमेरिकेत बोल्डर येथील राष्ट्रीय मानक संस्थेत केनेथ इव्हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझियम घड्याळापासून वर चढत जाणारी लेसरांची शिडी बांधली. सूक्ष्मतरंग, मग हायड्रोजन सायनाइडचा लेसर, मग पाण्याच्या वाफेचा, मग कार्बन डायऑक्साइडचा, आणि सर्वांत वर मिथेनवर स्थिर केलेला हेलियम-निऑन लेसर. प्रत्येक पायरीला टंगस्टनच्या अतिबारीक टोकाच्या डायोडवर खालच्या लेसरची काही पट आणि वरच्या लेसरची वारंवारता एकमेकांत मिसळून त्यांच्यातला फरक मोजायचा. वरच्या पायरीची वारंवारता निघाली सेकंदाला ८८ लाख कोटींहून अधिक. त्याच लेसरची तरंगलांबी क्रिप्टॉनशी ताडून ३.३९२२३१३७६ मायक्रोमीटर मिळाली. गुणाकार २९,९७,९२,४५६.२ मीटर प्रतिसेकंद, आणि अनिश्चितता १.१ मीटर.

या निकालातली खरी बातमी अनिश्चिततेत होती. ती लेसरमुळे आली नव्हती; क्रिप्टॉनची रेषा किंचित एकांगी होती, तिच्या मध्याविषयी मतभेद शक्य होते. मोजायची वस्तू मापापेक्षा स्वच्छ निघाली. मग मीटरनेच आपली जागा सोडली. १९७५ मध्ये २९,९७,९२,४५८ हे मूल्य शिफारस म्हणून स्वीकारले गेले, आणि १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये मीटरची नवी व्याख्या झाली : प्रकाश पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर कापतो तितके.

१९६० च्या व्याख्येला एका मूलद्रव्याची एक ठरावीक रंगाची रेषा सांगावी लागली होती. १९८३ च्या व्याख्येत रंग कुठेच नाही. ‘प्रकाश’ एवढेच म्हटले आहे, आणि ते पुरते. रंगारंगांत तसूभर फरक असता तर ही व्याख्या लिहिताच आली नसती. कोणता प्रकाश, असे लगेच विचारावे लागले असते. आयोच्या ग्रहणापासून चालत आलेला सगळा शोध त्या न लिहिलेल्या शब्दात सामावलेला आहे. मला हे पुस्तक लिहावेसे वाटले ते प्रामुख्याने या एका गोष्टीसाठी.

तेव्हापासून नाते उलटे झाले. आता वारंवारता मोजायची आणि ठरलेल्या वेगाला तिने भागून तरंगलांबी मिळवायची. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आयोडिनवर स्थिर केलेल्या ६३३ नॅनोमीटरच्या लेसरमधून मीटर साकारतो तो असाच. बोल्डरची ती खोलीभर शिडी आज लागत नाही. जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना ज्या कामासाठी २००५ चे नोबेल मिळाले त्या वारंवारतेच्या फणीने ती एका टेबलावर आणली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणार असलेल्या लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटरच्या बाहूंतही लेसरची तरंगलांबी हीच फूटपट्टी असेल, आणि तिच्यावर प्रोटॉनच्या व्यासाहून लहान हालचाली वाचल्या जातील.

पुस्तक वाचायला गुणाकार-भागाकार आणि दहाचे घातांक एवढे गणित पुरेल. समूहवेगाच्या प्रकरणात त्रिकोणमितीची दोन समीकरणे आहेत. ती वगळून आकृत्या पाहिल्या तरी चालेल. प्रकरणे क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही, मात्र माध्यमाचे प्रकरण स्पंदकांच्या आधी वाचावे. आणि प्रत्येक वाचकाने, विशेषतः शिक्षकांनी, एसेन यांचा प्रयोग स्वयंपाकघरात करून पाहावा ही विनंती. मायक्रोवेव्ह ओव्हन ही धातूची पेटीच आहे. तिच्यातली फिरती काच काढून ठेवावी, ताटलीवर कच्चे पापड एकमेकांना लागून पसरावेत आणि थोडा वेळ ओव्हन चालवावा. पापड सगळीकडे सारखे भाजत नाहीत. जिथे लहर जोरात असते तिथेच फुलतात. शेजारच्या फुललेल्या जागांमधले अंतर साधारण सहा सेंटिमीटर भरेल, तरंगलांबी त्याच्या दुप्पट. पेटीतली लहर तीन दिशांनी उभी असल्यामुळे सगळी अंतरे सारखी येत नाहीत, म्हणून तीन-चार मापांची सरासरी घ्यावी. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ हा आकडा असतो. तो आधी लिहून घ्यावा, आणि गुणाकार मुलांना करू द्यावा.